आईचा हार पोचला

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझी भावजय म्हणते, "ताईंना सांगा, जिने कमी चढा. ऐकणार नाहीत, पण सांगा."

हार पोचला. आकड्यामागची पानाची खूण दिसली आणि जुना ओळखीचा भेटावा तसे झाले. ती खूण उमटवणारा कारागीर आता कुणाला ठाऊक नाही. आपल्या जन्माआधी एका खोलीत बसून काच-पितळेचे खोटे दागिने करायचा, आणि जी बाजू कुणाला दिसणार नाही तिच्यावरही कानस फिरवायचा. त्याचे मिळेल ते मी गोळा करत आलो. पण आईच्या गळ्यातला हा एकच. बाहेर निघताना सगळ्यात शेवटी ती तो घालायची आणि आकडा लावायला तुला हाक मारायची. मी पुढे झालो की म्हणायची, "तू नको रे बाबा, तुझी बोटं म्हणजे मुळे!"

आई गेल्यावर मी हार मागितला, तेव्हा तू म्हणालीस, "माणूस गेलं, आणि तुला काचा हव्यात?" मीही काहीबाही बोललो. मग पत्रेच थांबली.

आता तू लिहितेस, "साबणाच्या पाण्यात भिजवून, ब्रशने चांगला घासून पाठवलाय. चमकतो का ते कळव, मग मी येते."

ताई, चमकत नाही. या खड्यांच्या पाठीला चांदीचा वर्ख असतो. पाणी शिरले की तो काळा पडतो. खडे पुसलेल्या पाटीसारखे झालेत. 'छान दिसतो' असे लिहिणार होतो, पण सकाळी देवापुढे बसलो आणि हात धजेना.

माझ्याकडे त्याच कारागिराचे सुटे खडे आहेत, बदलता येतील. बदलणार नाही. कुणाकडे पाठवायचे म्हटले की आई आपल्याला कशी कातडी सोलवटेस्तोवर घासायची, आठवते? तू तेच केलेस. इतक्या वर्षांनी भावाकडे काही पाठवायचे, तर ते स्वच्छ असावे. हे ध्यानात आले आणि सुट्या खड्यांची डबी मी मिटून ठेवली.

हे वाचून तू म्हणशील, "एवढंही मला धड जमलं नाही, आता कुठल्या तोंडाने जाऊ?" त्याचीच मला भीती वाटते. म्हणून सांगतो, हाराचे राहू दे. तू ये. बस कधीची ते कळव, मी थांब्यावर उभा असेन. जशी असशील तशी ये.

वाट पाहणारा,
तुझा धाकटा