स्मरणचित्राचा पेपर

१८ जून १९७९, सोमवार
हेडसरांनी परिपत्रक वाचायला दिले. शुद्धलेखनाच्या दोन चुका पहिल्याच ओळीत. मतलब असा: चित्रकला शिकवणाऱ्याकडे इंटरमिजिएट ग्रेडचे प्रमाणपत्र हवे. नसेल तर त्या पदाला अनुदान बंद, तास कार्यानुभवाकडे. म्हणजे आठवड्याचे नऊ तास मुले सुतळीची पायपुसणी विणणार.
माझ्याकडे प्रमाणपत्र नाही. अकरा वर्षांची नोकरी आहे.

२० जून
हेडसर म्हणाले, "मास्तर, यंदा तुम्हीच बसा. मुलांचे फॉर्म जातातच, त्यात एक तुमचा."
म्हटले, याच परीक्षेत माझी बत्तीस मुले पास झालीत.
"मग तेहेतिसावे तुम्ही."
विनोद बरा होता. हसलो नाही.

३ जुलै, मंगळ.
तपासणीचे साहेब. कुठे शिकलात? सांगितले: गास गावी, घरच्या पानवाडीत. विड्याच्या पानांच्या करंड्यांवर खुणा रंगवून हात वळला, मग दुकानांच्या पाट्या. कुणी शिकवले नाही. साहेबांनी लिहिले, 'अप्रशिक्षित'. श पोटफोड्या काढलेला. फळ्यावरचा माझा हंडा पाहून मात्र थांबले. काठाचे लंबवर्तुळ मापात आहे म्हणाले. या शैक्षणिक वर्षापुरती मुदत दिली.

५ ऑगस्ट
फॉर्म भरला. वय ४७. हिने विचारले, त्या बाकात गुडघे मावतील का.

२९ सप्टें., शनि.
वसईचे केंद्र. गुडघे मावत नाहीत. आत शिरलो तशी माझी मुले उभी राहिली, त्यांचे बघून उरलेली. सुपरवायझर म्हणाले, "आपण कोण?" हॉल तिकीट दाखवले. शेजारच्या बाकावर हेमलता, नववीची, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली. मानेने नमस्कार.
स्थिरचित्र ठीक. सावली हवी तशी पडली.

३० सप्टें., रवि.
स्मरणचित्र. 'समुद्रकाठचे गाव' घेतले. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या काढल्या, बोंबील एकेक मोजून. वेळ संपला, आभाळ कोरे राहिले.
एसटी स्टँडवर हेमलता घुटमळत होती.
"सर, एक सांगू? रागवायचं नाय."
"बोल."
"तुम्ही बोंबील शेपटीला सुतळी बांधून टांगलेत. आम्ही बांधत नाय. दोघांची तोंडं एकमेकांत अडकवायची, टाकायचे बांबूवर. एवढी सुतळी कोन आननार?"
विचारले, तू काय काढलेस?
"केळीची बाग. केळफूल घडाच्या खाली, टोकाला. तुम्ही सांगलेलं तसं."
बरोबर आहे.

१ ऑक्टो.
अर्नाळ्याला किती वेळा गेलो असेन. सायकलवरूनच, न उतरता. वर्गात रोज सांगतो, पाहिल्याशिवाय काढू नका. सुतळी कुठून आली? पानांच्या करंडीवरची असणार...

७ ऑक्टो., रवि.
अर्नाळा. हेमलताची आई वलांडीपाशी. बोंबील हवेत का? म्हटले, नकोत, बघायला आलोय.
"बघायला? जन्मभर खाल्लेत ना, मास्तर?"
मग दोन माझ्या हातात दिले, "घ्या, अडकवा." तीनदा सुटले. चौथ्यांदा बसले. बाया बघत होत्या. निघताना ऐकू आले, "वाडीतला वाडवळ असून जमला त्याला."

१२ ऑक्टो.
हेडसरांना चूक सांगितली. म्हणाले, "तपासणारा शहरातला. त्याला तोंड काय नि शेपटी काय. गप्प बसा."
खरे आहे. पास होईन, त्याच बोंबलांवर.

१९ नोव्हें.
दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक लागले. चित्रकलेसमोर माझे नाव पेन्सिलीने. बाकी सगळे शाईत. पेन्सिल एचबी, टोक न केलेली.

२१ जाने. १९८०, सोम.
नववीला स्मरणचित्र. फळ्यावर बोंबलांची जोडी काढली, तोंडात तोंड. वर्गाला सांगितले, परीक्षेत मी हे चुकलो. कुणी हसले नाही. हेमलताला विचारले, आता?
"खालचा जबडा अजून पुढं पायजे."
पुसून परत काढत होतो, तेवढ्यात शिपाई. टपाल आलेय, ग्रेड परीक्षेचे पाकीट आहे, हेडसरांनी लगेच बोलावलेय.
म्हटले, जबडा पुरा करून येतो.