रुसलेला सुपरवायझर

३ सप्टेंबर ९६, इंदापूर

आजपासून लोणी देवकरच्या कारखान्यात पहिल्या पाळीचा सुपरवायझर. शेठ पुण्याहून मुद्दाम आले होते. म्हणाले, दिवाळीपर्यंत बघतो, जमलं तर कायम, नाही तर परत बारामतीच्या स्टोअरला. म्हणजे परत नट-बोल्टांच्या खोलीत. नको रे बाबा.

मलाच का नेमलं, तर पाळीतले सगळे गडी माझ्या सासरवाडीचे. "तुमचीच माणसं, तुमचं ऐकतील." शेठची सासरवाडी पुण्यातच, दोन जिने चढले की आली. त्यांना काय कळणार.

शेडमध्ये पाऊल टाकलं तर मशीनं बंद. सगळे हात पुसत पुढे, दाजी आलं, दाजी आलं. भानुदास तात्यांनी (माझ्या बायकोचे, नंदाचे चुलते, पॅकिंगला असतात) स्वतःचं स्टूल झटकून दिलं. पाणी आलं, गूळ-शेंगदाणे आले. पत्र्याचा एक तुकडा खाली पडला होता तो उचलायला वाकलो, तर चौघे धावले. दिवसभर बसून पाठ धरलीय.

९ सप्टेंबर

पत्रा दाबून आकार देणाऱ्या मोठ्या प्रेसला दोन बटणं आहेत, दोन बाजूंना. दोन्ही एकदम दाबली तरच मशीन खाली येतं. कारण उघड आहे. दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात मशीनच्या तोंडात असू शकत नाही.

पांडूने डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवलीय. बटण कायमचं दाबलेलं. उजव्या हाताने मशीन चालवतो आणि मोकळ्या डाव्या हाताने पत्रा आत सरकवतो. त्याला विचारलं तर म्हणतो, "एक हात मोकळा ऱ्हातो दाजी. काम बिगीबिगी हुतंय."

ओरडायचं होतं. तोंडातून निघालं काय, तर "पांडुरंगराव, असं करत जाऊ नका बरं का." सगळी शेड हसली.

पांडू म्हणजे नंदाचा चुलतभाऊ. आमच्या लग्नात कानपिळीला हाच होता. भरमांडवात ज्याने आपला कान पिळला, त्याला शिस्त लावायची कशी?

१२ सप्टेंबर, बारामती

सुट्टीच्या दिवशी ट्रेनिंग. शेठने पाठवलं. विषय: माणसं सांभाळण्याची कला. पुण्याचे सर, टाय, पंखा बंद.

लिहून घेतलेलं: कौतुक चारचौघांत करा. चूक एकट्यात सांगा. केबिनचं दार उघडं ठेवा. कामगारांशी नातं जोडा.

हात वर करून विचारलं, नातं आधीच असेल तर ते थोडं कमी कसं करायचं? सर म्हणाले, छान प्रश्न, जेवणानंतर घेऊ. जेवणानंतर सर पुण्याला गेले.

१६ सप्टेंबर

दार उघडं ठेवलं. दुपारपर्यंत केबिनमध्ये तंबाखू मळायची बैठक सुरू. मी बाहेर उभा.

चारचौघांत कौतुकही केलं. पांडूचं, हजेरीला वेळेवर आल्याबद्दल. (एकदाच आला, पण सुरुवात म्हणून.) लगेच बाकीच्यांची तोंडं वाकडी. पांडू लाडका मेहुणा, आमी काय परके व्हय. तात्यांनी सुद्धा बोलणं टाकलं. संध्याकाळपर्यंत एकेकाचं कौतुक करून पुरं केलं. वॉचमनच्या कुत्र्याचं राहिलं.

२० सप्टेंबर

चूक एकट्यात. पां.ला केबिनमध्ये बोलावलं, तंबाखूवाल्यांना बाहेर काढलं. पाचर टेबलावर ठेवली, म्हटलं, हात जाईल. पां. फार शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "अक्काची तब्येत बरी हाय ना?" आणि पिशवीतून ओल्या शेंगा काढून टेबलावर ओतल्या. अक्का म्हणजे नंदा. शेंगा चांगल्या होत्या.

परत शेडमध्ये गेलो तोवर नवी पाचर बसली होती.

२६ सप्टेंबर

परवा मेमो दिला. लेखी. 'आपण सुरक्षिततेचा नियम मोडत असल्याचे निदर्शनास आले आहे.' 'तू' लिहायला हातच धजेना. आज सासरवाडीला गेलो तर मेमो सासऱ्यांच्या घरी. पां.ने दाखवायला आणला होता. सासरे म्हणाले, अक्षर लई मोत्यावानी हाय तुमचं. सासूबाईंनी तो देवांपाशी देवळीत ठेवला. मेमोला हळदकुंकू लागलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

३० सप्टेंबर

आज डोकं फिरलं. पां.चा डावा हात मशीनखाली असतानाच तो मागे वळून तात्यांशी गप्पा मारत होता. मी काही बोललोच नाही. बोलून होतंय काय? चहा आला, नको म्हटलं. पुन्हा आला, तोंड फिरवलं. मागच्या भिंतीपाशी जाऊन रिकाम्या पिंपावर बसलो. पाळी सुटेपर्यंत कुणाशी अवाक्षर नाही. घरी आल्यावर नंदावर खेकसलो.

१ ऑक्टोबर

चमत्कार. मोठ्या प्रेसची दोन्ही बटणं मोकळी. पां. दोन्ही हातांनी चालवतोय. शेड झाडलेली. सगळे वेळेवर. मला बघून कुजबुज. शेठ आले, बघून गेले, खूष. विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, ट्रेनिंगचा उपयोग झाला.

संध्याकाळी नंदाला सांगितलं तर पदर तोंडात घालून हसायला लागली. "अहो, तुम्ही रुसलात. दाजी रुसलं म्हणून गावभर झालंय."

तिच्या माहेरी जावई रुसणं म्हणजे सगळ्या गावाची बेअब्रू. तिच्या आत्याचे यजमान एकदा जेवताना वाढप चुकलं म्हणून रुसून एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले, तर गावाने एसटी अडवली आणि त्यांना वाजत-गाजत परत नेलं.

मला आधी अपमान वाटला. मी रागावलो होतो, रुसलो नव्हतो. मग विचार केला, काम झालं ना.

८ ऑक्टोबर

आता ठरवून रुसतो. उशिरा आलात, चहा नको. शेड झाडली नाही, पिंपावर जाऊन बसतो. फार वेळ लागत नाही. कुणीतरी येऊन विचारतं, दाजी, काय चुकलं? मी वर बघत नाही. मग ते आपापसात शोधतात काय चुकलं ते, आणि दुरुस्त करतात. माझ्या ध्यानात न आलेल्या दोन चुकाही त्यात दुरुस्त झाल्या.

शेठनी विचारलं, तुमची पद्धत दुसऱ्या पाळीला शिकवाल का? मी म्हटलं, सगळ्यांनाच जमेल असं नाही.

त्या पुण्याच्या सरांना पत्र टाकावं असं मनात येतं. नको.

१७ ऑक्टोबर

सुट्टी. सकाळी दारात टेम्पो. आतून सासरे, तात्या, पांडू आणि निम्मी पाळी उतरली. टॉवेल, टोपी, नारळ, नंदाला खण. घरात बसायला जागा नाही. तात्या म्हणाले, पंधरा-वीस दिस दाजी खट्टू हायती, बटणाची गोष्ट मनात धरली हाय, आता हे घ्या आन मन साफ करा. टॉवेल खांद्यावर पडला, टोपी डोक्यावर बसली. सगळ्यांना नंदाने पोहे केले. पां. पाया पडला. मला खरंच भरून आलं. एवढा मान दुसऱ्या कुठल्या सुपरवायझरला मिळाला असेल?

नंदा मात्र भांडी आदळत घासत होती. विचारलं तर म्हणाली, टोपी घ्यायच्या आधी मला विचारायचं होतं.

१८ ऑक्टोबर

पाचर परत.

माझा विश्वास बसेना. लगेच पिंपावर जाऊन बसलो. कुणी ढुंकून बघेना. चहा नको म्हटलं, तर चहावाला बरं म्हणून पुढे गेला. शेवटी मीच उठून पां.पाशी गेलो. तो मनापासून गोंधळला होता. "आवं दाजी, त्या गोष्टीचा मान झाला की काल. टोपी घेतली तुमी. त्याच गोष्टीवर पुन्यांदा कसं रुसता?"

तात्यांनीही मान हलवली. असं न्हाय चालत म्हणाले.

म्हणजे टोपी घालून मी पाचरेला परवानगी दिली. नंदाला हे कालच कळलं होतं.

२५ ऑक्टोबर

सकाळी मोठ्या प्रेसवर पां. किंचाळला. धावलो. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख गेलं. फक्त नख. हातमोज्याचं टोक मशीनमध्ये चपटं होऊन राहिलं होतं आणि मला वाटलं की बोटच आत आहे. इंदापूरला दवाखान्यात नेईपर्यंत मी त्याचा हात धरून होतो. तो मलाच धीर देत होता, काय न्हाय दाजी, नखच तर हाय, येईल परत. त्याच्या आईला आणि नंदाला काय सांगायचं होतं मी? रुसलो होतो म्हणून?

मी घाबरलोय. तेवढंच खरं. रात्री जेवलो नाही, आणि या वेळी ते रुसणं नव्हतं.

२९ ऑक्टोबर

शेठ आले. पाचर हातात घेऊन बघितली. म्हणाले, ज्याने ठोकली तो दिवाळीनंतर नको. मी म्हटलं, शेठ, चूक माझीही आहे. ते म्हणाले, मग तुम्हीच ठरवा, तो की तुम्ही, एकोणीस तारखेला येतो तेव्हा सांगा.

घरी सांगितलं. नंदाने निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, दोघांपैकी कुणीच नाही जाणार. भाऊबीज येतेय.

भाऊबीज, सासरवाडी

सगळे भाऊ एका ओळीत पाटांवर. सख्खे, चुलत, मावस, मिळून माझी जवळजवळ सगळी पाळी. नंदाने ओवाळलं. पां. बोटाच्या पट्टीसकट बसला होता. साडीची पिशवी पुढे केली, नंदाने घेतली नाही. कुणाचीच ओवाळणी घेतली नाही. ताम्हन खाली ठेवून म्हणाली, "मला साडी नको. पुढच्या भाऊबीजेला सगळ्यांची धाही बोटं मोजून घेणार हाय मी. पाचर मारणार नाही म्हणा, तेवढी ओवाळणी घाला." माहेरी आली की तिची बोली अशी बदलते.

पां. मान खाली घालून पट्टी कुरतडत होता. मग म्हणाला, दिली अक्का. एकेकाने तेच म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून उठून गोठ्याकडे गेलो.

तिकडे तात्या आले. मला वाटलं, समजूत घालायला आले. म्हणाले, "पोरांनी दिली वोवाळनी. आता तुमी काय देनार? रुसनं बंद करा. काय चुकलं त्ये तोंडावर सांगा, शिव्या घाला, पर सांगा. तुमी पिंपावर बसला की आमाला दिसभर कळत न्हाय काय चुकलंय. पोरं घाबरत्यात आन घाबऱ्या घाबऱ्या भलतंच करत्यात."

मी म्हटलं, तुम्हाला शिव्या कशा घालू, तुम्ही माझे सासरे.

म्हणाले, गावात. कारखान्यात मी पॅकिंगला असतो.

१८ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची पहिली पाळी. उद्या शेठ येणार. पां. राहणार हे सांगायचं ठरवलंय, आणि तो राहिला की माझं मी बघेन. पण आजचा दिवस नीट गेला तरच उद्या तसं बोलता येईल.

सकाळी सगळं नीट. पाचर नाही. दोन्ही बटणं मोकळी. जेवणानंतर कसला तरी पत्रा अडकला आणि पां.ने सवयीने मशीन चालू ठेवून डावा हात आत घातला. डाव्या बटणाला त्याच हाताचं कोपर लावलं होतं. कोपर!

मी ओरडलो. "पांड्या, गाढवा, हात काढ भाईर!" एवढा मोठा आवाज माझ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यापुढे जे बोललो ते इथे लिहिणार नाही. बोलीसुद्धा माझी राहिली नव्हती. सगळी मशीनं थांबली. पां.चा हात बाहेर. तात्या पेटी बांधता बांधता थांबले, मग पुन्हा बांधायला लागले.

पाळी सुटेपर्यंत पां. दोन्ही हातांनी काम करत होता. अगदी ट्रेनिंगच्या फोटोत शोभेल असं. पण माझ्याशी बोलला नाही. मी जवळून गेलो तर मान वळवली. चहा नको म्हणाला. पाळी सुटल्यावर मागच्या भिंतीपाशी एकटाच उभा होता, सायकलला टेकून. मी जाऊन म्हटलं, बोट दुखतंय का? तो निघून गेला.

घरी आल्याबरोबर नंदाला विचारलं, तुमच्याकडे मेहुणा रुसला तर त्याची समजूत कशी काढतात?

भाकरी तव्यावर टाकता टाकता ती थांबली. विचार केला तिने, खरंच केला.

"मेहुणा रुसायची पद्धतच नाही हो आमच्यात," म्हणाली.