पडीक नव्हे, पाण्याखालचे सतरा वाफे

माझ्या मिठागराला मेयरसाहेबांनी गावसभेच्या कागदात ‘पडीक’ लिहिलं. तिथे म्हणे उन्हाळी पाहुण्यांच्या मोटारी लावायच्या. जानेवारीत आले, पाणी पाहिलं, निकाल दिला. अहो, हिवाळ्यात वाफे आम्ही मुद्दाम बुडवतो, गारठ्याने तळाची चिकणमाती फुटू नये म्हणून! बंगले विकून मोठा झालेला माणूस, त्याला कोण सांगणार?

आता रीतीचं. मी सॉलांज केर्व्हेला, वय एक्याऐंशी, शिक्षण चार इयत्ता, डोकं शाबूत. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. आणायचं तर मीच आणते. आधीचं मृत्युपत्र रद्द.

बंदरावरचं घर मुलाला, गुल्वेनला. कायद्याने त्याचा वाटा त्याला मिळणारच, उपकार नाही. पॅरिसहून आला की विचारतो, “आई, त्या चिखलात आहे काय?” मी म्हणते, “तुझं अख्खं शिक्षण.” माझी आई सार्डिनच्या कारखान्यात मासे डब्यात भरायची, भोंगा झाला की रस्ताभर लाकडी पायताणं खडखडायची. कारखाना गेला, पोरी शहरात गेल्या. आता ऑक्टोबरनंतर आमच्या रस्त्यात सात खिडक्यांत दिवा दिसतो. म्हणून गुल्वेन, घराला कुलूप घालू नकोस. पोरंबाळं असलेल्या, बारमाही राहणाऱ्या कुटुंबाला भाड्याने दे. शाळा टिकायला तीनच मुलं कमी पडताहेत.

सतरा वाफे, त्यांचे बांध आणि साय काढायची माझी हलकी फळी नातीला, एनोराला. उन्हाळ्यात वाफ्यातल्या पाण्यावर धरते ती मिठाची पांढरी साय काढणं बायकांचं काम. माझा नवरा हात लावायचा आणि साय मोडायचा. एनोरा पंधरा दिवसांसाठी आली होती, तीन हिवाळे राहिली. ‘पडीक’ वाचून मी शिव्या घातल्या, तर ही हसते. “आजी, मार्चमध्ये पाणी काढू, जुलैत मेयरना मीठ दाखवू.”

“आणि तोवर मोटारी आल्या तर?”

“बुडतील की.”

तळाचं जाडं मीठ ओढायची नवऱ्याची जड फळी शेजारच्या ओबँला. तीस वर्षं मागतोय, एकदाचा गप्प बसेल.

नोटरी म्हणतात, हाताने लिहिलंय, साक्षीदार नकोत. मला हवेत.

साक्षीदार: ओबँ ल बिहान, मिठागरवाला, तेरेझ गार्नियेक, शाळामास्तरीण.
सही: सॉलांज केर्व्हेला
पोर-लेझेन, ९ फेब्रुवारी १९९८

माझ्यामागे हे गावसभेत मोठ्याने वाचावं. ‘पडीक’ शब्द कधी खोडणार, याचं उत्तर मेयरनी स्वतः उभं राहून द्यावं, कारकुनामार्फत नव्हे. आणि एनोराकडे बघून.