सेनापतीचा वाकडा पाय

मुलुंड, शनिवार, १४ मार्च १९८७

तलवारी-जादूच्या गोष्टींतल्या त्या प्लास्टिकच्या बाहुल्यांमधला दुष्ट सेनापती आज नंदाने दुकानातून आणला. सोबतची गोष्टीची पुस्तिका, म्हणजे मीच लिहिलेली, मोठ्याने वाचली आणि विचारलं, "बाबा, याचा पाय तर सरळ आहे. तुम्ही लंगडा का लिहिलात?"

खरं तेच सांगितलं. कंपनीने पाठवलेल्या नमुन्याचा पाय खोक्यात दबून वाकला होता. मला वाटलं, तो तसाच आहे. दुसऱ्या दिवशी मजकूर द्यायचा होता.

जे सांगितलं नाही ते हे, की आठ पानांत त्याला दुष्ट ठरवायला तो वाकडा पाय मला आयता सापडला. लंगडा, म्हणून कपटी. लिहीत होतो तेव्हा माझी पोलिओ झालेली मुलगी त्याच टेबलावर गृहपाठ करत होती. कसं लक्षात आलं नाही?

नंदा चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "याच्या गोष्टीची कॅसेटपण काढणार ना? मग त्याच्या चालण्याला माझ्या पायातल्या लोखंडी कॅलिपरचा आवाज घ्या. झकास येईल." आणि खोलीभर चालून दाखवलं.

"शोभतो ना त्याला?"

माझ्या तोंडून हो निघून गेलं.