नऊ सेकंदांत सुरू होणारा कॉम्प्युटर

ईस्ट कोस्ट, सिंगापूर
रविवार, दुपार

आदरणीय नरेशदादांना,
आपल्या घरच्या जावयाचा, म्हणजे धम्मानंदचा, सप्रेम जयभीम.

इकडे दीक्षा, जाई आणि मी तिघेही ठणठणीत आहोत. तुमची शुगर, वहिनींची टाच आणि बाबांचा खोकला यांचं कसं काय चाललंय ते कळवा. हातात फोन असताना हा माणूस कागद का खरडतोय, असं तुम्हाला वाटेल. तर माझा फोन तुमची बहीण वाचते. (एरवी खुशाल वाचो, त्यात वाचण्यासारखं काही नसतं.) आमचा शेजारी प्रबोध गुरुवारी त्याच्या सासुरवाडीला नागपूरला येतोय, त्याच्या हाती हे पत्र पाठवतो.

तुम्हाला आठवत असेल, बाबांनी गायलेल्या जुन्या भीमगीतांच्या कॅसेटी मी तीन वर्षांपूर्वी नागपूरहून इकडे आणल्या होत्या. एकेक वाजवून त्यातली त्रेचाळीस गाणी कॉम्प्युटरवर उतरवली आणि बुरशी लागलेल्या त्या कॅसेटी आता कशाला हव्यात म्हणून टाकूनही दिल्या. (तुम्ही नको म्हणत होतात, हे मला मान्य आहे.) येत्या बुद्ध पौर्णिमेला, इथल्या भाषेत वेसाक डेला, आम्ही चौदा मराठी कुटुंबं आमच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये जमणार आहोत आणि यंदा पंचाहत्तरीचे पाहुणे म्हणून बाबा स्वतः पहिल्या रांगेत असतील. त्यांना त्यांचाच तिशीतला आवाज ऐकवायचा, हा बेत दीक्षाचा. गेले दोन महिने तिला दुसरा विषय नाही.

आता, ही गाणी ज्याच्या पोटात आहेत तो कॉम्प्युटर बारा वर्षांचा. सुरू केला की चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतात, तरी पडद्यावरचं ते चाक फिरतच असतं. मागच्या महिन्यात आतली हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली. दीक्षा म्हणाली, ‘बाबांच्या गाण्यांना काही झालं तर मी तुला माफ करणार नाही.’ हे ती हसत म्हणाली नाही. म्हणून मी ठरवलं की जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवायची, म्हणजे गाणीही सुखरूप आणि कॉम्प्युटरही चपळ. (एसएसडी म्हणजे फिरणारं काही नसलेली डिस्क. दिसायला इवलीशी, पण तिच्यावरून कॉम्प्युटर झटक्यात सुरू होतो.)

माणसाने दुकानात जावं, एक उचलावी, घरी यावं. पण दादा, तुम्हाला माझी नोकरी ठाऊक आहे. चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत मी खरेदीचे प्रस्ताव तपासतो. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी तिथे खुर्चीसुद्धा घेऊ देत नाही. तेव्हा घरच्या डिस्कसाठी मी तक्ता केला. बावीस डिस्का, सतरा रकाने. वेग किती, तापते किती, वॉरंटी किती, सगळं. रोज इतकं इतकं लिहिलं तर डिस्क कधी मरेल, याचंही गणित मांडलं. त्यात ती माझ्या मागे छत्तीस वर्षं जगेल असं निघालं. ते वाचून जरा वाईट वाटलं.

दीक्षा वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत संशोधन करते, तिला तक्त्यांचं कौतुक नाही. तिने तो वरून खाली एकदा पाहिला आणि विचारलं, ‘यातली आपल्या कॉम्प्युटरला बसते कुठली?’ मी म्हटलं, तो अठरावा रकाना उद्या करतो. जाई गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, ‘पप्पा, जस्ट बाय लाह.’ (‘लाह’ हे इथल्या इंग्रजीचं शेपूट. मराठीत बोल म्हटलं तर तेच वाक्य हळू म्हणते.) प्रबोधचंही मत आलं. तो पुण्याचा आहे, त्यामुळे त्याला मत विचारावं लागत नाही. त्याचं म्हणणं, घ्यायची तर सगळ्यात वेगवान घ्यावी, बाकी सगळा कचरा. तक्त्यातही तीच पहिली आली होती. दोन शहाण्यांचं एकमत झालं की तिथे धोका असतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, प्रबोध आणि मी कॉम्प्युटरच्या दुकानांनी भरलेल्या सहा मजली इमारतीत गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या अंकलनी (इथे वयस्कर माणूस म्हणजे अंकल, मग तो चिनी असो की मलय) मला एकच प्रश्न विचारला, की तुमचा कॉम्प्युटर कोणत्या सालचा? मी त्यांना सांगितलं, त्याची चिंता नको, माझ्याकडे तक्ता आहे. अंकलनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डिस्क बांधून दिली.

घरी येऊन कॉम्प्युटर उघडतो तो काय, च्युइंगगमच्या पट्टीसारखी ही डिस्क खोचायला आत खाचच नाही. परत जाऊन खाचेचं वेगळं कार्ड आणलं. ते बसवलं तर कॉम्प्युटरला डिस्क दिसते, पण तिच्यावरून सुरू काही होत नाही. पाहुणी ओसरीवर येऊन बसली, पण यजमान ओळखच दाखवेना. इतक्या जुन्या कॉम्प्युटरला असल्या डिस्कवरून सुरू होता येत नाही, ही गोष्ट दोन मिनिटांत शोधून सापडते. मला दीड दिवस लागला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी पाहिला. दीक्षा हसली, जाई हसली आणि ज्याचा सल्ला होता तो प्रबोध सगळ्यांत मोठ्याने हसला. मला राग आला, दादा. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला.

अंकलनी मात्र न हसता ती डिस्क परत घेतली आणि काउंटरखालून एक साधी चपटी डबी काढून दिली. जुन्या हार्ड डिस्कच्याच वायरी तिला लागतात. माझ्या बावीसमध्ये तिचं नाव नव्हतं, स्वस्त म्हणून मी तिला पहिल्याच फेरीत बाद केलं होतं.

आता राहिलं जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवणं. आमच्या बँकेत एक नियम आहे. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं, मगच बटण दाबायचं, एकट्याने काही करायचं नाही. या नियमावर मी नव्याने लागलेल्या पोरांपुढे तासभर व्याख्यान देतो. घरी तपासायला दीक्षा होतीच. तिने दोनदा येऊन विचारलंही, ‘मी बघू का?’ पण ती हसली होती. मी म्हटलं, काही गरज नाही, आणि दार लावून घेतलं. दोन डिस्का, एक बटण, त्यात दुसऱ्याने बघायचं काय? (पुढचा तपशील कंटाळवाणा आहे, तो गाळतो.)

सांगायचं ते एवढंच, की आता आमचा कॉम्प्युटर नऊ सेकंदांत सुरू होतो. जाईने मोजले. दीक्षाने खूश होऊन तर्री-पोहे केले, प्रबोध दोन वेळा घेऊन गेला. वहिनींना जयभीम, बाबांना सविनय जयभीम. लोभ आहेच, तो याच्यापुढेही टिकावा.

तुमचा,
धम्मानंद

ता. क. कॉम्प्युटर इतक्या चटकन का सुरू होतो, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगायला हवं. त्याच्यात नव्याने टाकलेल्या सिस्टिमशिवाय काहीच नाही. पडद्यावर दोन डिस्का दिसत होत्या, एकीचं नाव शून्य, दुसरीचं एक. कोरी होती तिला मी जुनी समजलो आणि जुनीवर सगळा कोरेपणा उतरवला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस गाणी गेली. एक प्रत इंटरनेटवर कुठेतरी ठेवायची होती, पण कुठे ठेवावी याचा तक्ता अजून अपुरा आहे. ते पोहे मी कसे गिळले, माझं मला ठाऊक.

ता. क. २. तेव्हा दादा, एवढं एक काम करा. बाबांना पुन्हा गायला बसवा आणि फोनवर रेकॉर्ड करून माझ्या ऑफिसच्या मेलवर पाठवा. त्रेचाळीस नकोत, पाच-सहाही चालतील. कवळी बसवल्यापासून ‘स’ आला की शिट्टी वाजते म्हणून त्यांनी गाणं सोडलंय, हे मला माहीत आहे. ‘स’ कमी असलेली गाणी निवडा. गाताना मागे पंखा जोरात लावा, म्हणजे खरखर येईल आणि जुन्या कॅसेटचं आहे असं वाटेल.

ता. क. ३. दीक्षाला यातलं अक्षरही कळता कामा नये.

दादा, जयभीम. दीक्षा लिहितेय. प्रबोधबरोबर पाठवायची तुमच्यासाठीची चॉकलेटं आणि बाम यांची पिशवी मीच भरते, हे याच्या ध्यानात नाही. पाकीट त्याने तिच्याच तळाशी ठेवलं होतं. गाणी माझ्याकडे आहेत. याने तो तक्ता उघडला त्याच दिवशी मी ती पेन ड्राइव्हवर काढून घेतली. याला सांगेन, पण आठवडाभराने. सध्या न सांगता भांडी घासतोय, जाईचं गणित घेतोय आणि कशालाच नाही म्हणत नाही.

पण तू बाबांना गायला बसवच. हल्ली फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे ते काही बोलत नाहीत. तिशीतला आवाज माझ्यापाशी आहे, मला आत्ताचा हवाय, शिट्टीसकट. आणि पंखा बंद ठेव.