स्प्रिंगांच्या डब्याची तपासणी

सास्तूर, ता. लोहारा
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. अमरदीप,

सप्रेम जय भीम. सोनालीलाही सांग. आम्ही दोघी बऱ्या आहोत. मायचा गुडघा तिच्या स्वभावावर गेलाय, वाकत नाही. हुरडा संपला. तू आला नाहीस, म्हणून तुझ्या वाट्याचाही मीच खाल्ला.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी त्याच्याही मध्ये बोलते. हा कागद तुझ्या गिटारच्या अँप्लिफायरच्या पाठीला चिकटवून ट्रॅव्हल्सनं पाठवतेय. आधी वाच, मग वायर लाव.

तुझा हुकूम असा होता : "आक्का, घरभरणीला मला तोच अँप वाजवायचाय, रिव्हर्ब दुरुस्त करून पाठव. आणि या वेळी तुम्ही दोघी आला नाहीत, तर यापुढं मला भाऊ म्हणू नकोस." दोन्ही कामं एका दमात सांगितलीस. त्यातलं सोपं आधी घेतलं.

दिवाळीत निघायच्या आदल्या दिवशी तू गिटार वाजवलीस, तेव्हा आवाजाला घुमाराच नव्हता, तू रिव्हर्ब म्हणतोस तो. एकदम कोरडा, विहिरीत बोलायच्या ऐवजी ताटलीत बोलल्यासारखा. तू लगेच निकाल दिलास, "इथल्या धुळीनं गेला." पुण्यात धूळ नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे फळ्यावर वीज काढते आणि घरात फ्यूज गेला की शेजाऱ्यांना हाक मारते. पण या वेळी हट्टानं शाळेतला मल्टिमीटर घरी आणला आणि तुझे व्हॉइस मेसेज ऐकत बसले.

आधी रिव्हर्बचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. काही नाही. तू म्हणालास, चालू अँपला हलकाच धक्का दे, आतल्या स्प्रिंगा हलून गडगडलं पाहिजे. दिला. अँप एखाद्या मुरलेल्या कारकुनासारखा, धक्का बसला तरी ढिम्म. मग त्या स्प्रिंगांच्या डब्यातून परत येणारी केबल उपसली आणि तिच्या पिनेला बोट लावलं, तर स्पीकरमधून भुंगा आल्यासारखं घुंऽऽ झालं. म्हणजे पुढचा रस्ता मोकळा. डब्याकडं जाणारी केबल बदलून पाहिली. डब्याच्या दोन्ही टोकांच्या कॉइलना मीटर लावला, दोन्हीकडं आकडा आला. तार कुठंच तुटलेली नाही.

सगळे साक्षीदार खरं बोलतायत, आणि गुन्हा तर झालाय! मला इतकी मजा वाटायला लागली की चुलीवरचं दूध उतू गेलं, ते मायनं उतरवलं आणि मला नावं ठेवली.

शेवटी अँपच्या तळातली ती रेक्झिनची पिशवी काढली आणि आतला लांबट पत्र्याचा डबा उघडला. तीन स्प्रिंगा होत्या. त्यांच्या खाली-वर जुन्या लुगड्याच्या घडी घातलेल्या पट्ट्या, बेतून बसवलेल्या. सरकू नयेत म्हणून दोऱ्यानं शिवलेल्या, गोधडीच्या टाक्यानं, एकसारख्या.

अमर, धूळ इतके बारीक टाके घालत नाही.

माय पुढच्या पत्र्याच्या शेडात शेंगा फोडत बसली होती. पट्टी तिच्यापुढं धरली.

"माय, हे टाके तुझे का?"

"मग कुनाचे? दुसऱ्या कुनाला येतेत का इतके बारीक?"

"पण कशाला घातलेस?"

"लई गरजत व्हतं ते. अमरनंच दावलं मला, ह्या स्प्रिंगा हालल्या की गरजतंय म्हून. म्या त्यांला पांघरूण घातलं."

"अगं, त्याला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? लेकरू हौसेनं वाजवत व्हतं. गिटार वाजतीय की अजून. गरजायचं तेवढं थांबलं."

एवढ्या नेमक्या कामाला बिघाड म्हणायचं की दुरुस्ती, तू ठरव.

मी टाके उसवले, पट्ट्या काढल्या, डबा जागेवर बसवला, केबली जोडल्या. तुझ्या जुन्या गिटारची एक तार छेडली. काय घुमलं म्हणून सांगू! मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, तरी मी ती तार चारदा छेडली. मग तपासणी पुरी करावी म्हणून अँपला पुन्हा धक्का दिला.

आणि मग मी अंगणात होते. अनवाणी, हातात स्क्रूड्रायव्हर. उंबरा कधी ओलांडला, काही आठवत नाही.

तुझा जन्म त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचा, ह्याच शेडातला. तुला तो हादरा म्हणून माहीत आहे. आम्हाला तो आधी आवाज म्हणून माहीत आहे, जमिनीच्या पोटातून गडगडत आलेला. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. त्या पहाटे कोण बाहेर आलं आणि कोण आलं नाही, ते आजही लिहीत नाही.

तुला वाटतं, तू सोनालीशी लग्न केलंस म्हणून आम्ही पुण्याला येत नाही. त्या पोरीचा काही संबंध नाही, तिला आजच सांग. एकदा मायचा गुडघा, एकदा माझे पेपर, एकदा शेजारचं लग्न. असले बहाणे मी फार सुबक करते, मायच्या टाक्यांसारखे. खरं कारण तिथला स्लॅब, आणि आता तर तुझा सातवा मजला. माय अजून स्लॅबखाली झोपलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हातारीची खोड म्हणून तू हसतोस. मी मात्र आतल्या खोलीत झोपते, असं तुला वाटतं. माझी खाटही शेडातच असते, अमर. तू येणार असलास की आत ओढते.

माय बाहेर आली. मला तशी उभी बघून म्हणाली, "काय गं, तू बी?" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मलाही हसू फुटलं. मग ती सरळ आत गेली आणि तिनं स्वतः अँपला ढोसलं. गडगडलं. ती भिंत धरून उभी राहिली, पण उभी राहिली. परत ढोसलं.

"आपलं आपण गरजत न्हाय न्हवं?"

"नाही. हलवलं तरच."

"बघू." तिसऱ्यांदा तर तिनं झाकणावर हात ठेवून, कान लावून ऐकलं, पाहुण्यांच्या लेकराची नाडी बघावी तसं. मग विचारलं, "अमरच्या घरात जिना कुन्या अंगाला हाय?"

मी तरी कुठं पाहिलाय? तेवढं कळव. आम्ही घरभरणीच्या आदल्या दिवशी पोचतो. लिफ्टनं येणार नाही, गुडघ्यासकट जिन्यानं येऊ, वेळ लागेल, चहा दोनदा गरम करावा लागेल. आमची अंथरुणं दाराजवळ टाक. रात्री आम्ही खाली पार्किंगमध्ये जाऊन बसलो, तर समजूत काढायला येऊ नकोस. सतरंजी घेऊन आलास तर चालेल. आणि तुझी ती हौस सुरू करायच्या आधी मायला सांग, आता गरजणार आहे म्हणून.

रात्री दाराला कडी घालू नकोस. येतोय आम्ही.

तुझ्याइतकीच हट्टी, आणि भित्री,
आक्का