छातीइतक्या उंचीवर

२ तीर १३४८ फसली. सकाळी ६ वाजून १० मिनिटं. धावडा जंगल चौकी.
इंग्रजी मे महिना. ऊन आत्ताच उंबऱ्यापर्यंत आलं आहे.
हैद्राबादहून कॉलेजचे सहा स्टुडंट उन्हाळी ट्रेनिंगला येणार. पंधरा दिवस कॅम्प करून झाडं मोजायला शिकणार, असं हुकमात लिहिलं आहे. मला शंका आहे. झाडं हैद्राबादेतही असतात. मंग धावड्यालाच काऊन?
शेवटचं कलम तीनदा वाचलं. स्टुडंटांनी इथल्या नोंदवहीशी ताळा करून रिपोर्ट द्यावा. म्हणजे माझ्या वहीशी! एकोणीस वर्षं एकटा मोजतोय. चारशे बारा झाडं, प्रत्येकाला नंबर, घेर फूट-इंच-सुतात. ताळा जमला की वही सरकारी होणार. अन् मी, जो नाकेदार असून तीन वर्षं दारोग्याच्या जागी तात्पुरता बसलोय, तो पक्का दारोगा होणार.
जमणारच. एका सुताचा फरक निघाला तर मिशी उतरवीन. सौ.ला तसं सांगितलं. तिनं खुंटीवरून माझा डोक्याचा रुमाल काढून दिला अन् म्हणाली, मिशी राहू द्या, आधी ही खुंटी खाली ठोकून घ्या.
खुंटी सुतारानं चुकीनं उंच ठोकली आहे. नऊ वर्षांपूर्वी तक्रार केल्ती.

३ तीर. संध्याकाळ.
आले. तीन तास उशिरा. जालना स्टेशनवर उतरले, वाटेत राजूरच्या गणपतीला थांबले, पेढे खाल्ले. मोजणी करणाऱ्याला देवाची मदत कशाला लागते? नोंद करून ठेवली.
त्यांच्यात दोघे म्होरके. नरहर फार बोलतो. मार्तंड बिलकुल बोलत नाही, सगळं लिहून घेतो. जास्त धोका दुसऱ्याचा. दोघंही गरजेपेक्षा उंच आहेत.
मला काका म्हणाले. मी सांगितलं, दारोगासाहेब म्हणायचं. नरहर म्हणाला, बरं काका.
त्यांच्याजवळ पोलादी टेप आहे. माझ्या फूटपट्टीशी चाळीस मिनिटं ताडून पाहिली. बराबर निघाली. त्यामुळं संशय वाढला.

४ तीर. दुपारी १२ वाजून २० मिनिटं.
सकाळी त्यांना माझी पद्धत समजावली. जालन्याच्या जुन्या बाजारात घेतलेली जंगलाची उर्दू किताब दाखवली. भोकरदनच्या मौलवीसाहेबांजवळ बसून ती वाचली, बाकी सगळं आपल्या अकलेवर. त्यात साफ लिहिलं आहे, झाडाचा घेर छातीइतक्या उंचीवर मोजावा. पुढचं दीड पान वाळवीनं खाल्लंय.
मार्तंडनं विचारलं, त्या दीड पानात काय होतं? मी म्हणालो, ज्याला पहिलं पान नीट कळतं त्याला दुसऱ्याची गरज पडत नाही. त्यानं हेही लिहून घेतलं.

६ तीर. रात्रीच्या जेवणाआधी.
भयंकर. सतरा नंबरचा साग. माझ्या वहीत ५ फूट ३ इंच २ सूत. त्यांचा आकडा ५ फूट १ इंच. अठरा नंबर, कमी. एकोणीस नंबर, कमी. आज तेवीस झाडं झाली अन् तेवीसही कमी. मी तर गेल्याच महिन्यात मोजली होती.
नरहर म्हणाला, काका, चूक होते माणसाची.
चूक दोन्ही बाजूंनी होते. कधी जास्त, कधी कमी. जी एकाच बाजूला होते तिला चोरी म्हणतात. आता एवढंच शोधायचं की झाडं कोण चोरून राह्यलं, अन् तेही दोन-दोन इंच.

७ तीर. सकाळी १०.
सापडली. साल! कोणीतरी सालीचा थर उतरवून नेतंय. साल चामडं कमवायला जाते, बाजारात भाव आहे. धावड्याची गोजरबाई रोज वाळल्या काड्यांची मोळी नेते. परवाना आहे. परवाना असलेल्या माणसावरच जास्त लक्ष पाहिजे. बिनपरवान्याचा भितो तरी.
मोळी सोडून तपासली. १३१ काड्या, मूठभर करवंदं, अन् सालीचा बोटभर तुकडा. तुकडा कागदात बांधून पुरावा म्हणून ठेवला. कोयता जप्त. खुंटीला टांगला (सौ.कडून).
गोजरबाई ओरडली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, नाकेदारसायेब, झाड काय अंगरखा हाय का, रोज जरा जरा उसवून न्यायला? मी म्हणालो, दारोगासाहेब म्हण. ती म्हणाली, कोयत्याबिगर मोळी न्हाई अन् मोळीबिगर चूल न्हाई. मंग मी हितंच बसते.
अन् बसली. चौकीसमोर, पळसाखाली.

८ तीर. दुपारी २.
आता स्टुडंटांवर पाळत. सकाळी ९ पासून करवंदाच्या जाळीत बसलो होतो. काटे एकूण सात.
साडेदहाला उलगडा झाला. ते आधी एक खुणेची काठी झाडाला लावतात, खडूची रेघ मारतात, अन् रेघेवर टेप फिरवतात. रेघ कुठं? माझ्या नाकासमोर! वर बुंधा बारीक होत जातो, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. म्हणजे मुद्दाम वर चढून सरकारी माल कागदावर बारीक करायचा. किताबेत छाती लिहिलं आहे. नाक लिहिलेलं नाही.
एवढ्यात नरहर जाळीजवळ आला. म्हणाला, काका, पाणी घ्या, आत लई उकडत असंल. मी म्हणालो, मी करवंदं तपासून राह्यलो. पाणी घेतलं.

९ तीर. सकाळी ७.
गोजरबाई अजून बसलेली. सौ. तिला भाकरी नेऊन देते. मी म्हणालो, ती आरोपी आहे. सौ. म्हणाली, आरोपीला भूक लागत न्हाई का? वर म्हणाली, त्या पोरांनी कुठून मोजलं अन् तुम्ही कुठून, एवढं तरी विचारा एकमेकाला. बायकांना टेक्निकल गोष्टी समजत नाहीत.
जंगल खात्याचे वरचे अंमलदार, मोहतमीमसाहेब, औरंगाबादेस बसतात. त्यांना दरख्वास्त लिहिली. नऊ पानं, नकाशा एक. मथळा: धावडा जंगलातील झाडे बारीक करण्याची साजिश. स्टुडंट कागदावर बारीक करतात, गोजरबाई प्रत्यक्षात करते, दोघांचं संगनमत. साहेबांनी स्वतः येऊन जागेवर तहकीकात करावी, असा आग्रह धरला. आग्रह शब्दाखाली दोन रेघा.

११ तीर.
रिझोल्यूशन: १. साहेब येईपर्यंत स्टुडंटांशी बोलायचं नाही. २. पक्का दारोगा झाल्यावर गोजरबाईला माफ करायचं, पण लगेच नाही. ३. खुंटी.
मार्तंड आज आपण होऊन बोलला. अठ्ठ्याऐंशी नंबरचं अंजनाचं झाड सापडत नाही, कुठं आहे? नाल्याच्या पलीकडं, खडकाच्या कुशीत, माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. दाखवून आलो. पण बोललो नाही, बोटानं दाखवलं.

१३ तीर. दुपारी ४ वाजून ५ मिनिटं.
हुकूम आला! साहेब परवा येतात. दरख्वास्त पूर्ण वाचली असं लिहिलं आहे. नऊही पानं. गोजरबाईला सांगितलं, परवा तुझा फैसला. ती म्हणाली, माझा का तुमचा, बघू.
रुमाल धुवायला टाकला.

१५ तीर. सकाळी ५ वाजून ४० मिनिटं.
मिशीला तेल. वही लाल फडक्यात. सालीचा तुकडा जरा आक्रसला आहे, पण चालेल. आज फैसला.

१५ तीर. संध्याकाळ.
जसं घडलं तसं लिहितो. तपशिलात मी कधी कसूर केली नाही.
साहेब सतरा नंबरच्या सागाजवळ उभे राहिले. सहा स्टुडंट, सौ., गोजरबाई, अन् गावातली निम्मी माणसं. साहेब म्हणाले, बद्रीनाथ, आप नापकर दिखाइए. मी रस्सी काढली, छातीला लावली, तिथून झाडाभोवती फिरवली. ५ फूट ३ इंच २ सूत. एका सुताचा फरक नाही! मी मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं.
साहेबांनी मार्तंडची काठी मागितली अन् माझ्या बाजूला उभी केली. काठीची खूण माझ्या नाकाशी आली. मंग त्यांनी बॅगेतून किताब काढली. तीच. वाळवी न लागलेली. माझ्या किताबेतलं वाळवीनं खाल्लेलं पान त्यातून वाचून दाखवलं. छातीची उंची म्हणजे जमिनीपासून साडेचार फूट, मोजणारा कोणीही असो.
माझी छाती त्यांनी टेपनं मोजली. जमिनीपासून तीन फूट आठ.
कोणी हसलं नाही. फक्त नरहरला खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.
साहेब म्हणाले, एकोणीस साल आपने बडी मेहनत की, बिलकुल एक ही जगह से. वही हातात घेऊन पाहिली, अक्षर चांगलं आहे म्हणाले, परत दिली. सरकारी मोजणी स्टुडंटांची धरावी. दारोग्याच्या जागेवर पुढच्या महिन्यात नवा माणूस येईल. गोजरबाईचा कोयता उद्या सकाळी परत करावा.

१६ तीर. सकाळी ८.
हुद्दा: नाकेदार. कॅम्प संपेपर्यंत काम: स्टुडंटांची काठी धरणं. झाडांचे नंबर मलाच पाठ आहेत, म्हणून मार्तंडनं माझं नाव सुचवलं म्हणे. काठी तपासली. साडेचार फूट बराबर.
उंची, रुमाल सोडून: चार फूट अकरा. दोनदा मोजली.
मिशी उतरवली नाही. शपथ सुताच्या फरकाची होती. हा फरक दोन इंचांचा आहे.
साडेसातला गोजरबाई कोयता न्यायला आल्ती. कोयता खुंटीला. सौ. विहिरीवर गेलेली. मी खुंटीखाली उभा राहून म्हणालो, जरा वेळानं ये. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. फार वेळ लागला नाही. मंग आत आली, माझ्या डोक्यावरून हात घातला अन् कोयता काढून घेतला.
जाताना म्हणाली, येते, दारोगासायेब.